तुम्ही विचारलंत म्हणून: हात बसायला किती डोकी लागतात?

आमच्या केस कापायच्या दुकानात बसणारे पोट्टे नेहमी विचारतात, दादा, हात बसायला किती दिवस लागले? मागच्या आठवड्यात आर्वीहून एका पोराने फोन करून हेच विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

दिवस मोजून काही होत नाही. सुरुवातीला मी सापडेल ते डोकं करत सुटलो होतो, आणि तीन महिन्यांनंतर पण माझ्या फेडमध्ये, म्हणजे खाली बारीक आणि वर हळूहळू लांब होत जाणाऱ्या कटिंगमध्ये, मशीनच्या दोन नंबर आणि एक नंबरच्या मधात तीच लाईन दिसायची, कारण मी रोज तीच चूक पक्की करत होतो. बाबांनी मशीन काढून घेतली. म्हणाले, आता महिनाभर नुसती कंगवा-कात्री, अन् ते पण रिकामी. म्हणजे आरशासमोर उभं राहायचं, कात्रीचं एक पातं कंगव्याला समांतर धरून ठेवायचं आणि फक्त अंगठा हलवायचा, बाकीची बोटं हलली तर पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळातच अंगठ्याच्या बुडात कळ येते. पण आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली आणि गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने बसून असलं की हाच अंगठा कामी येतो.

वस्तऱ्यासाठी फुगा. फुगवून फेस लावायचा आणि न फोडता काढायचा. त्याने हाताचा जोर कळतो, कातडी नाही कळत, गळ्यावर केसांची दिशा जागोजागी फिरते, ती आधी बोटाने पाहून, दुसऱ्या हाताने कातडी ताणूनच वस्तरा लावावा लागतो.

मी खरा शिकलो ते त्याच त्या डोक्यांवर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आणि गावात दुसरं दुकान नाही, त्यामुळे मागच्या महिन्यात केलेली चूक स्वतः चालत येऊन खुर्चीत बसते. शेजारच्या काकांचा भोवरा मी ओला असताना बारीक केला, वाळल्यावर तो उभाच राहिला, बिचारे काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात तिथे कोरडेच केस कापले आणि थोडे लांब ठेवले, तरी दोन केस उठले, तिसऱ्या वेळी बसले. मी वही ठेवली होती, कोणाला कोणतं गार्ड (केस किती लांब ठेवायचे त्यासाठी मशीनला लावायचा कंगवा), भोवरा कुठे, काय चुकलं. ती लाईन पण वहीमुळेच गेली. दोन नंबर म्हणजे सहा एमएम, एक नंबर म्हणजे तीन, मधली जागा मी रिकामी सोडत होतो. एक नंबरचं गार्ड लावून मशीनच्या बाजूचं लिव्हर उघडायचं, म्हणजे केस थोडे लांब राहतात, आणि लाईनपाशी आलं की मनगट बाहेर वळवायचं, एवढंच होतं. महिनाभर येईल त्या डोक्यावर फक्त तेवढंच सुधारलं, बाकी कटिंग बाबांनी केली.

जावळ मात्र बाबांनी मी शिकायला लागल्यावर सहाव्या वर्षी हातात दिलं. लेकरू मामाच्या मांडीवर, रडते, मान फिरवते, आणि टाळूचं हाड अजून भरलेलं नाही. तिथे डोकं थांबायची वाट पाहत हात उचलून धरणं, हे कुठल्याच फुग्यावर शिकता येत नाही.

आर्वीच्या भावा, मंगळवारी ये. त्या दिवशी लोक केस कापत नाहीत, दुकान रिकामं असते. मशीन आणू नको, कात्री आन् कंगवा घेऊन ये.