पँटोमधला गोंधळ कसा बसवतात

पँटोमाइम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मूकाभिनय येतो. ब्रिटनमधला नाताळचा पँटो मात्र आरडाओरड्याचं नाटक आहे. मूळ खेळ खरंच मूक होता. अठराव्या शतकात लंडनमध्ये हार्लेक्विन या मुखवटेधारी खोडकर नोकराचे खेळ चालत, आणि संवादी नाटकाचा परवाना मोजक्याच नाट्यगृहांकडे असे. १८४३च्या कायद्याने ते बंधन उठलं आणि पँटोला तोंड फुटलं. आता त्यात सिंड्रेला, अलादीन, जॅक आणि घेवड्याचा वेल अशा ठरलेल्या गोष्टी, गाणी, शाब्दिक कोट्या आणि प्रेक्षकांचा दंगा असतो. हा दंगा आपोआप होतो असं समजणाऱ्यांचा पँटो हमखास पडतो. गावच्या हॉलमध्ये हौशी मंडळी बसवतात तेव्हा तर फारच.

भुताच्या बाकाचा प्रवेश घ्या. तिघं-चौघं बाकावर बसून गाणं म्हणतात, मागून भूत येतं, पोरं ‘मागे आहे, मागे!’ म्हणून किंचाळतात. दरवेळी भूत एकाला पळवून लावतं आणि शेवटी एकटी डेम, म्हणजे पँटोतली विनोदी बाई, उरते. ती वळून भुताकडे बघते आणि तिचा चेहरा पाहून भूतच पळतं. यातली सगळी मेख वळण्यात आहे. नट डावीकडून वळले की भुतानेही त्याच दिशेने, त्याच वेगाने त्यांच्या पाठीमागून सरकायचं. अर्ध्या पावलाची चूक झाली तर भूत नटांना दिसायलाच हवं होतं हे पोरांना कळतं, आणि मग नट मुद्दाम बघत नाहीयेत असं वाटून ती गप्प होतात. दुसरी चूक घाईची. ओरडा टिपेला जाऊन किंचित उतरू लागला की पुढचं वाक्य घ्यायचं. त्याआधी घेतलं तर वाक्यही जातं आणि पोरांना आपलं कोणी ऐकत नाही असं वाटतं. ‘नाहीये!’, ‘आहे!’ ही जुगलबंदी तीनदा पुरे. चौथ्यांदा आवाज निम्म्यावर येतो.

डेम म्हणजे पुरुषाने केलेली बाई. इथे बालगंधर्व आठवू नयेत, तमाशातली मावशी आठवावी. लुगड्याआडचा बाप्या प्रेक्षकाला सतत दिसला पाहिजे, विनोद त्यातच आहे. नाजूक आवाज काढणारी, सुंदर दिसायला धडपडणारी डेम कंटाळवाणी होते. विनोदी नट डॅन लेनो १८८८पासून लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या पँटोत झळकू लागला. डेमला गरीब, बडबडी, संसाराने गांजलेली बाई म्हणून उभं करण्याचं बरंचसं श्रेय त्याला जातं. कपडे प्रत्येक प्रवेशात नवे आणि आधीपेक्षा अचाट. त्यामुळे ते मागून एका झटक्यात उघडतील असेच शिवावे लागतात. बारीक हुकांच्या नादी लागू नये.

खलनायक प्रेक्षकांच्या उजवीकडून येतो, परी डावीकडून. पहिल्याच एंट्रीला हिरवा प्रकाश टाकून त्याला हुर्यो घ्यायला पुरेसा वेळ द्यावा. तिथे तो हुर्योला चिडून उत्तर देतो, आणि ओरडायची परवानगी आहे हे पोरांना कळतं ते तिथेच.

आता फेसाचा प्रवेश, म्हणजे स्वयंपाकघरात किंवा रंगकामात सगळे एकमेकांना माखतात तो. खरं क्रीम वापरू नये: दिव्यांच्या उष्णतेने आंबतं, वास मारतं, कपड्यांवर तेलकट डाग राहतात. डब्यातला तयार शेव्हिंग फोम पाचेक मिनिटांत बसू लागतो. दाढीच्या साबणाची कांडी किसून बादलीत घ्यावी, कीस भिजेल इतकंच गरम पाणी घालून मऊ होऊ द्यावा, मग ड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून घुसळावं आणि पाणी थोडं थोडं वाढवावं. ताटली उभी धरली तरी फेस घसरला नाही की झालं. पाणी जास्त पडलं तर फेस ओघळतो आणि तोंडावर फक्त साबणाचं पाणी उरतं. खाण्याचा रंग दोन-चार थेंबच, नाहीतर पुढच्या खेळाला कपडे गुलाबीच असतात. ताटली लांबून फेकू नये, हनुवटीकडून वर दाबावी. नटाने डोळे-तोंड मिटून नाकाने श्वास सोडत राहायचं. माइक कपाळाशी केसांत असतो, तो बुजला तर पुढची गाणी गेली. रंगमंचावर जाड कापड पसरून चारही कोपरे आत दुमडून उचलावं. तरी साबण कुठेतरी राहतोच, म्हणून लगेच पुढे नाच ठेवू नये. पुढच्या पडद्यासमोर एक छोटा प्रवेश लावावा आणि मागे दोनदा पुसून घ्यावं.

जादूचं दृश्यांतर जाळीच्या पडद्यावर चालतं. समोरून प्रकाश पडला की त्यावरचं चित्र दिसतं, मागे उजेड केला की जाळी विरघळून महाल उभा राहतो. समोरचा दिवा उंचावरून, तिरका हवा. सरळ मारला तर किरण जाळीतून आरपार जातात आणि महाल आधीच फुटतो. सुरकुती पडली तर तीही दिसते, म्हणून खालच्या काठात लोखंडी नळी घालतात.

शेवटाकडे विदूषक पडदा पाडून प्रेक्षकांना गाणं शिकवतो, चार-पाच मुलांना वर बोलावून नावं विचारतो. हा निव्वळ गोडवा वाटतो, पण पडद्यामागे तेव्हा सगळी मंडळी गोष्टीच्या शेवटच्या लग्नाच्या पोशाखात शिरत असतात आणि जिना लागत असतो. म्हणून विदूषकाला विंगेतून खूण ठरलेली हवी, आणि हाताशी दोन जादा विनोद. गाणं चार ओळींचं, अक्षरं शेवटच्या रांगेतून वाचता येतील एवढी. हॉलचे दोन भाग करून पैज लावली की मोठी माणसंही गातात.

मग एकेक जण जिना उतरून नमस्काराला येतो: आधी नर्तक, मग लहान भूमिका, खलनायक, डेम, आणि सर्वांत शेवटी गोष्टीतले नायक-नायिका. नाटक संपवणाऱ्या यमकाच्या ओळी तालमीत कधीच म्हणत नाहीत, अपशकुन मानतात. पण दिव्यांचा आणि पडद्याचा इशारा त्याच ओळींवर असतो, तेव्हा त्या जागी तेवढ्याच मात्रांचं काहीतरी भलतंच म्हणून घ्यावं.