उजनीचे पाणी आणि सामाईक खाते

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की बोलणे उजनी धरणापासून सुरू होते आणि ‘आज कोणत्या भागाला पाणी आहे?’ या प्रश्नावर येऊन थांबते. आमच्या हद्दवाढ भागात नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे नवे घर बांधताना लोक देवघराच्या आधी हौदाची जागा ठरवतात. उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यांपैकी ५४ टीएमसीच्या आसपास साठा उपयुक्त आहे. शहराची गरज त्यापुढे किरकोळ आहे. तरीही ही ओढाताण चालू राहते, याचे कारण मला असे दिसते की योजना बांधायला वरून निधी मिळतो, परंतु ती अनेकांनी मिळून कशी चालवायची आणि दरमहाचा खर्च कोणी किती सोसायचा, याचा करार कोणी करत नाही.

नदीचेच उदाहरण घ्या. सोलापूर शहर, पंढरपूर, सांगोला आणि मंगळवेढा यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडले जाते, आणि शहरासाठी ते जिथून उचलतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचायला आठ-दहा दिवस लागतात. अशा एका आवर्तनाला, म्हणजे एका वेळच्या सोडणीला, पाच-सहा टीएमसी पाणी खर्ची पडते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. जुन्या वाहिनीच्या जोडीला टाकलेल्या उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीची क्षमता दिवसाला १७ कोटी लिटर आहे. म्हणजे एकट्या एका टीएमसीत ती वाहिनी साडेपाच महिने चालू शकते. उरलेले पाणी वाळूत मुरते, उन्हाने उडते आणि काठावरच्या मोटारींनी उपसले जाते. त्या मोटारी चालवणाऱ्यांना मी चोर म्हणणार नाही, कारण डोळ्यांदेखत ऊस वाळत असताना दारावरून वाहणारे पाणी कोणीही सोडणार नाही.

समांतर जलवाहिनीच्या निधीची हकीकत बोलकी आहे. फताटेवाडीच्या औष्णिक प्रकल्पाला पाणी हवे होते आणि शहरालाही. तो प्रकल्प चालवणाऱ्या एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने या जलवाहिनीसाठी २५० कोटी रुपये दिले आणि स्मार्ट सिटी योजनेतूनही पैसा आला. उद्योगाचा पैसा शहराच्या पाण्याला लागला, हे चांगलेच झाले. मात्र ज्या गावांच्या शिवारातून अशा मोठ्या वाहिन्या जातात, त्यांना त्या व्यवहारात जागा नसते. मग वाहिनीतली हवा सोडणाऱ्या एअर व्हॉल्व्हच्या चेंबरभोवती घागरी आणि बॅरल जमतात, आणि त्याला शहरात ‘गळती’ म्हणतात. त्याच गावांना मीटर लावून रीतसर जोडणी दिली आणि घाऊक दराने बिल पाठवले, तर वाहिनीची राखण करणारे तेच लोक असतील.

खरी गुंतागुंत प्रादेशिक योजनांत दिसते. शिरभावी किंवा भोसे यांसारख्या योजना पाण्याच्या एकाच उद्भवावर कित्येक गावे जोडतात, कारण एकेका गावाला स्वतःचा जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) आणि शुद्धीकरण केंद्र परवडत नाही. जिल्ह्यातल्याच अशा एका योजनेच्या अगदी शेवटच्या टोकाला माझी मावशी राहते. तिच्या अंगणातला नळ मी पाहिला आहे. त्याच्या तोटीला सुतळीने फडके बांधलेले असते, कारण पाण्याआधी बराच वेळ नुसती हवा आणि गाळ येतो. “पंधरा दिवसातनं एकदा येतंय, मग वर्षाची पट्टी कशाची भरायची?” हे तिचे म्हणणे खोडून काढणे मला जमलेले नाही. वरची गावे भरपूर घेतात, टोकाला दाब उरत नाही, टोकाची गावे पट्टी थांबवतात, वीजबिल थकते, महावितरण जोडणी तोडते आणि पट्टी भरणाऱ्या गावांचेही पाणी बंद होते. जलजीवन मिशनमध्ये बांधणीचा पैसा केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा देतात. पुढे चालवण्याची जबाबदारी गावांवर येते, आणि व्हॉल्व्हमनचा पगारही त्यातच.

यासाठी नवा कायदा करावा लागेल असे मला वाटत नाही. पंचायती आणि नगरपालिका यांच्यातील पाणीवाटपाचा विचार जिल्हा नियोजन समितीने करावा, असे राज्यघटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदातच म्हटले आहे. प्रत्यक्षात तिच्या बैठका रस्ते, सभामंडप आणि निधी अखर्चित राहिल्याच्या तक्रारींत संपतात. याच समितीखाली प्रत्येक योजनेचे सामाईक खाते असावे. प्रत्येक गाव आणि शहर आपल्या वाट्याच्या क्षमतेनुसार ठरावीक रक्कम आणि प्रत्यक्ष घेतलेल्या पाण्यानुसार उरलेली रक्कम त्यात भरील, आणि त्या खात्यातून सर्वांत आधी वीजबिल जाईल. टोकाच्या गावाला ठरलेले तास पाणी मिळाले नाही, तर त्याचे बिल वरच्या गावांवर पडावे. ही अट कडू आहे, पण तिच्याशिवाय व्हॉल्व्ह कोणी फिरवणार नाही.

औजच्या बाबतीत जिल्ह्याची हद्दही पुरत नाही. आवर्तन चालू असताना आपल्या काठावरची वीज काही तास बंद ठेवतात. समोरच्या काठावर विजयपूर जिल्हा आहे आणि तिथल्या मोटारींना कर्नाटकाची वीज आहे. दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांनी आवर्तनापूर्वी एकत्र बसून वीजबंदीच्या वेळा आणि दोन्ही काठांना द्यायचे पाणी लिहून घेतले, तर यंदाच्या उन्हाळ्यापासूनच ते पाळता येईल.