यादीतून गाळलेली ओळ

एका मृत माणसाच्या चीजवस्तूंच्या छापील यादीतल्या रकमांची बेरीज तळाशी छापलेल्या एकूण रकमेशी जुळत नव्हती. फरक बरोबर १२ पौंडांचा. वर ना शिलिंग, ना पेन्स. १६८० च्या दशकातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ही रक्कम लहान नव्हती. त्याच यादीत गायीची किंमत ३ पौंडसुद्धा लावलेली नव्हती.

मी बॉस्टनजवळ राहते आणि लोकांना त्यांच्या घराण्यांच्या वंशावळी शोधून देते. माझं बहुतेक काम सतराव्या शतकात इंग्लंडहून इथे आलेल्या कुटुंबांचं. १६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० माणसं न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागात, उतरली आणि त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांना आपला मूळपुरुष कोण होता हे हवं असतं. बाहेरून हे काम झाडाच्या फांद्या काढण्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ एकाच नावाची माणसं वेगळी करण्यात जातो. हिंगहॅम नावाच्या गावात एकाच काळात चार थॉमस लिंकन होते: एक विणकर, एक गिरणीवाला, एक पिंपं बनवणारा आणि एक शेतकरी. धंदा लिहिलेला नसेल तर कुठली जमीन कुणाची आणि कुठली बायको कुणाची, हे ठरवताना महिने जातात. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा पूर्वज सॅम्युएल याच गावचा. १६३७ च्या प्रवाशांच्या नोंदीत त्याचं वय १८ लिहिलंय. बाप्तिस्मा मात्र १६२२ चा, म्हणजे मुलगा चौदा-पंधराचा. सरकारी कागदावर आहे म्हणून खरं, असं या धंद्यात धरून चालता येत नाही.

त्यात तारखांचा घोळ. १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे फेब्रुवारीतल्या जन्माला आम्ही १६८१/८२ असं जोडसाल लिहितो. इंटरनेटवरच्या वंशावळींत हे भान क्वचितच दिसतं. आईच्या जन्माआधी मुलगा जन्मलेल्या वंशावळीही मी पाहिल्या आहेत, आणि शेकडो लोकांनी त्या तशाच्या तशा उतरवून घेतलेल्या असतात. याचा मला खरोखर राग येतो. आपल्या पूर्वजांबद्दल इतकी आस्था असलेली माणसं एक वजाबाकी करायला का कंटाळतात?

हे काम माझ्याकडे घेऊन आलेले गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, निवृत्त इंजिनियर. त्यांच्या आजोबांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसे देऊन घराण्याचा इतिहास लिहवून घेतला होता. कातडी बांधणी, मुखपृष्ठावर सोनेरी ढालीचं कुलचिन्ह. आपल्याकडे कुलवृत्तांत छापले गेले तसाच, फक्त खर्चिक. ते पुस्तक त्यांना नातीला द्यायचं होतं. पण देण्याआधी त्यातलं सगळं खरं आहे ना, हे तपासून हवं होतं. अशी विनंती फार कमी लोक करतात, म्हणून मी काम लगेच घेतलं.

इंग्लंडचा भाग लवकर कोसळला. पुस्तकात मूळपुरुष सफोक परगण्यातल्या एका जमीनदार घराण्याचा धाकटा मुलगा म्हणून दाखवला होता. बाप्तिस्म्याची नोंद दिली होती आणि ती खरी निघाली. इंग्लंडमध्ये १५३८ पासून पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, नोंदवह्या ठेवल्या जातात आणि त्या गावची वही चांगली टिकली आहे. पण तिथल्या माझ्या सहकारी बाईंनी, ज्यांच्यासारखं जुनं अक्षर वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, बाप्तिस्म्यावर न थांबता त्याच वहीतली दफनं वाचायला घेतली. पाच महिन्यांनी त्याच बापाचा त्याच नावाचा मुलगा पुरलेला होता. जो मुलगा पाळण्यात गेला तो १६३५ मध्ये जहाजात चढला नव्हता.

हे पुस्तक कुणी लिहिलं ते मला ठाऊक आहे, नाव इथे घेत नाही. त्या काळात असा धंदाच चालत असे. गुस्ताव्ह अँजू (१८६३–१९४२) हा त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध. श्रीमंत अमेरिकन घराण्यांना तो मोठा मोबदला घेऊन खोट्या वंशावळी बनवून देई, आणि त्यांतली खोटी नातीगोती आजही वंशावळींतून उपसून काढावी लागतात. गिऱ्हाइकाला राजघराणं किंवा निदान जमीनदार हवा असे, आणि तो मिळे.

आमच्या गृहस्थांचा खरा मूळपुरुष लंडन बंदरावरच्या १६३५ च्या नोंदीत दुसऱ्या एका कुटुंबाचा नोकर म्हणून सापडला. पुढे इथल्या न्यायालयातल्या एका जबानीत त्यानं आपलं वय ‘सुमारे चाळीस’ सांगितलं आहे. ते बंदरावरच्या वयाशी जुळतं, त्या कुटुंबातली माणसं त्याच जबानीत शेजारी म्हणून येतात, आणि खाली सहीच्या जागी त्याची निशाणी आहे. लिहिता न येणारा, नोकर म्हणून आलेला हा माणूस चाळीसएक वर्षांत जमीन, बैल आणि चर्चमध्ये मानाची जागा मिळवतो. मला तर हा पूर्वज ढालवाल्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटला.

आता ती यादी. माणूस वारला की न्यायालय दोन-तीन शेजाऱ्यांना नेमत असे. ते घरात फिरून एकेक वस्तू मोजत आणि किंमत लावत. अंगावरचे कपडे आणि रोकड आधी, मग खोलीवार गाद्या, पितळी भांडी, कथलाच्या थाळ्या, बायबल, मग कोठार, गुरं, हत्यारं, जमीन. पिसांची गादी बऱ्याचदा घरातली सगळ्यात महागडी वस्तू असे. अशी यादी वाचताना मी घरात शिरल्यासारखी शिरते. चुलीपाशी किती भांडी होती, झोपायला किती जण होते, कुणाकडे आरसा होता, सगळं कळतं. पुस्तकात मूळपुरुषाची ही यादी पूर्ण छापल्याचं म्हटलं होतं. आणि मी सवयीनं बेरीज करत गेले. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. लहानपणी आजीनं रुपये-आणे-पै करून घेतले होते, तो हात अजून चालतो. पहिल्यांदा १२ पौंड कमी आले तेव्हा पुन्हा केली. तेवढेच.

जुन्या याद्यांत बेरजेच्या चुका असतात. शेजारी काही हिशेबनीस नव्हते. पण त्या चुका बहुतेक शिलिंग-पेन्सच्या असतात, हातचा विसरल्याच्या. पूर्ण पौंडांचा आकडा गायब असेल तर ओळ गायब असते.

मूळ कागद बॉस्टनला कोलंबिया पॉइंटवरच्या राज्य अभिलेखागारात होता. त्या काळचं अक्षर डोळ्यांना लागावं लागतं. ‘ई’ उलटा, ‘एच’चा पाय रेषेखाली उतरलेला, ‘एस’ लांब काठीसारखा. रकमा उजवीकडे तीन रकान्यांत. मी वरून बोट न टेकवता ओळ ओळ खाली येत गेले. बैलांची जोडी. त्याखाली बंदूक आणि तलवार असायला हवी होती. मध्ये एक ओळ होती. ‘एक इंडियन मुलगा’, म्हणजे इथल्या मूळनिवासींपैकी, आणि समोर १२-००-००. नाव नाही, वय नाही.

पुस्तक लिहिणाऱ्यानं ही ओळ वाचली होती. तिच्या वरची वाचली, खालची वाचली, शेजाऱ्यांच्या सह्या नीट उतरवल्या आणि ही गाळली. एकूण रक्कम मात्र तशीच ठेवली. शंभरएक वर्षं ते पुस्तक त्या घरात होतं आणि कुणी बेरीज केली नाही.

थोडं मागे जायला हवं. १६७५–७६ मध्ये वॉम्पनोआग या मूळनिवासी जमातीचा प्रमुख मेटाकॉम आणि इंग्रज वसाहती यांच्यात युद्ध झालं. इंग्रज त्याला किंग फिलिप म्हणत. १६७६ च्या ऑगस्टमध्ये तो मारला गेला. शेकडो कैदी गुलाम म्हणून विकले गेले, पुष्कळ जण वेस्ट इंडीजकडे. मेटाकॉमचा नऊएक वर्षांचा मुलगा पकडला गेला होता. त्याला मारावं की विकावं यावर धर्मोपदेशकांनी बायबलचे दाखले देत पत्रव्यवहार केला आणि शेवटी त्याला विकलं. कायद्याची अडचण नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या संहितेनं न्याय्य युद्धातल्या कैद्यांना गुलाम करायला मुभा दिलेली होती. लहान मुलं इंग्रज घरांत नोकर म्हणून वाटली गेली. अशा वाटपाची १० ऑगस्ट १६७६ ची एक यादी टिकली आहे, तीत ३२ मुलं आहेत. कुणाकडे दिलं, मुलगा की मुलगी, वय अंदाजे किती, आणि काहींच्या बाबतीत नाव व आईबापांचीही माहिती. एका बारा वर्षांच्या मुलापुढे लिहिलंय की आईवडील दोघं हजर होते आणि दोघांची संमती होती. कसली संमती असेल ती.

त्या ३२ मध्ये आमच्या मूळपुरुषाचं नाव मालक म्हणून नाही. म्हणजे मुलगा दुसऱ्या वाटेनं आला, विकत घेतला किंवा कुणाकडून बदलून. मूळपुरुषाच्या विधवेच्या यादीत तो नाही. मूळपुरुषाच्या मुलाच्या मृत्युपत्रात नाही. चर्चच्या बाप्तिस्म्यांत त्या गावी एकही ‘इंडियन’ नोंद नाही. ज्या माणसाच्या वंशजांची मी अकरा पिढ्या नावानिशी मांडणी केली, त्याच्या छपराखाली झोपणाऱ्या मुलाचं मला नावसुद्धा देता येत नाही.

आमच्या व्यवसायात मांडणीची एक ठरलेली पद्धत आहे, १८७० पासून चालत आलेली. ज्याचा वंश पुढे दाखवायचा त्या प्रत्येकाला क्रमांक. मुलांना छोटे रोमन आकडे. रक्ताचा किंवा लग्नाचा संबंध नसेल तर त्या रचनेत जागा नाही. गृहस्थांच्या मुलानं, जो स्वतः पन्नाशीचा आहे, मला हेच लिहिलं: “तो आमचा पूर्वज नाही, मग वंशावळीत कशाला? फार तर परिशिष्टात टाका.” नम्रपणे लिहिलं होतं. पण पटण्यासारखं नव्हतं. गादी पूर्वज नाही, बैलही पूर्वज नाहीत. ते पहिल्या प्रकरणात चालतात. मी यादी मूळपुरुषाच्या चरित्रातच पूर्ण छापली, ती ओळ जागेवर घातली आणि जुन्या पुस्तकात ती गाळली होती हेही लिहिलं.

अहवाल घेऊन गेले तेव्हा वृद्ध गृहस्थांनी तो माझ्यासमोर वाचला. नोकर म्हणून आलेल्या पूर्वजाबद्दल वाचून ते खूश झाले. त्यांनी लगेच विचारलं की ती निशाणी कशी दिसते, आणि मी छायाचित्र दाखवलं. यादीच्या पानावर आल्यावर त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतः बेरीज केली. जुळली. मग म्हणाले, “हे इथेच राहू द्या. माझ्या मुलाशी मी बोलेन.” आणि पुढच्याच वाक्यात, “मुखपृष्ठावरची ढाल मात्र तशीच ठेवायची. आजोबांनी पैसे मोजले होते.”

मी त्यांना सांगितलं की ती ढाल त्यांची नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे. नव्या प्रतीवर ती आली आहे, सोनेरीच. पुस्तक त्यांचं, पैसे त्यांचे, आणि आत खोटं एक अक्षर नाही, म्हणून मी अडवलं नाही. पण मला ते मान्य झालेलं नाही. नातीच्या हातात आधी ढाल येणार आणि त्या मुलापर्यंत पोचायला तिला चाळीस पानं उलटावी लागणार.

काम संपलंय, बिल दिलं गेलंय. मी मात्र त्या परगण्याच्या न्यायालयाच्या वह्या १६७६ पासून पुढे वाचते आहे. पळून गेलेल्या नोकरांच्या तक्रारी, मुदत संपल्याचे वाद, चोरीचे खटले यांत मालकाचं नाव येतं आणि कधीकधी नोकराचंही. पुष्कळ पानांवर मालकाच्या नावापुढे ‘त्याचा इंडियन’ एवढंच असतं, पण काही ठिकाणी नाव असतं. वाचून झाल्याखेरीज सांगता येणार नाही.