बोट उचलल्याची वर्दी

माझ्या टेबलावर एलके२०१ आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९८३ सालच्या व्हीटी२२० टर्मिनलबरोबर, म्हणजे मोठ्या कंप्युटरला जोडायच्या स्क्रीनबरोबर, मिळायचा तो कीबोर्ड. तो आजच्या कंप्युटरला यूएसबीने जोडायचा म्हणून मी मधे बसणारा एक अडॅप्टर बनवत होतो: एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटा कंप्युटरच, आणि त्यावर माझा प्रोग्राम. केबल चारच तारांची: एकीतून १२ व्होल्ट, एक ग्राउंड, एक बोलायची, एक ऐकायची. बोलण्याचा वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे आजच्या मानाने पान चघळत बोलणं. रेषेवरचं व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरला सोसवणारं नाही, म्हणून मधे ते जुळवून घेणारा एक लेव्हल कन्व्हर्टर बसवला. वायरिंग एका संध्याकाळी उरकलं. मग ऐटीत 'ए' दाबला.

स्क्रीनभर 'ए'. बोट उचललं तरी थांबेचना. शेवटी यूएसबीची केबल उपटली.

कीबोर्डचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या मूळ रीतीप्रमाणे 'ए' दाबला की तो १९४ हा आकडा पाठवतो, आणि बोट उचललं की गप्प बसतो. दाबून धरलं तर मधून मधून १८० येत राहतो, म्हणजे 'मघाचंच, मघाचंच'. टर्मिनलला अक्षर मिळाल्याशी मतलब, तुमचं बोट कुठे आहे याच्याशी नाही. यूएसबीला मात्र सारखी हजेरी लागते: या घडीला कोणकोणती बटणं खाली आहेत? माझा अडॅप्टर 'ए' हजर आहे असं सांगून बसला होता, आणि तो गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

यावरचा उपाय कीबोर्डातच निघाला. त्याच्या बटणांचे १४ गट आहेत, आणि प्रत्येक गटाला 'सोडल्याचंही सांगत जा' अशी आज्ञा देता येते. तो ऐकतो, पण आपल्या पद्धतीने. दाबताना जो आकडा, तोच सोडताना. आणि शेवटचं बटण सुटलं की १७९, म्हणजे 'सगळे वर'. तेव्हा कोण खाली, कोण वर याची वही अडॅप्टरनेच ठेवायची. वाटेत एखादा आकडा गळाला की खालचा वर आणि वरचा खाली असा सगळा उलटा हिशेब. म्हणून १७९ दिसला की मी वही सरळ कोरी करतो. अख्ख्या प्रोग्राममधली ही माझी सगळ्यात लाडकी ओळ.

बाकी बटणं जुळवणं म्हणजे नुसती हमाली. एस्केपला स्वतंत्र जागाच नाही, तो एफ११वर बसलाय; माझं बोट अजून वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन फसतं. टायपिंगची ती टकटक बटणांची नव्हेच, आतल्या स्पीकरची आहे. ती चालू-बंद करायची, तिचा आवाज ठरवायचा, तर त्याचीही आज्ञा धाडावी लागते. मी धाडली. अर्थात मोठ्यातल्या मोठ्या आवाजाची!

'डू' लिहिलेलं एक रुंद बटण मात्र राहिलंय. त्याला कुठलं काम द्यावं ते ठरत नाही. अधूनमधून दाबून बघतो. टक् असा आवाज येतो, वहीत नोंद होते, आणि पुढे काहीच होत नाही.