पाटी सोडून पुढे: लानव्हैरपुलचा हॉल

वेल्समधल्या अँगल्सी बेटावर लानव्हैरपुलला लोक उतरतात ते स्टेशनवरच्या पाटीसाठी. 58 अक्षरांचं नाव, त्याखाली फोटो, की पुढची गाडी. हे लांबलचक नाव एकोणिसाव्या शतकात प्रवाशांना ओढायलाच रचलेलं आहे आणि युक्ती अजून चालते. फोटो मीही काढला. मग होलिहेडच्या जुन्या रस्त्याने चालत टोलनाक्याकडे निघालो. त्याच्या शेजारचा हॉल मला पाहायचा होता.

नाका हा रस्ता बांधणाऱ्या इंजिनियर टॉमस टेलफर्डचा, अष्टकोनी, दुमजली. भिंतीवर दरफलक अजून आहे: मेंढरं-डुकरं, विसाला पाच पेन्स. वसुली 1895 साली थांबली. बाजूचा हॉल इतका साधा, की नाका बघताना नजरेतून सुटावा. ब्रिटनमधली पहिली विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे गावातल्या बायकांची संस्था, 1915 साली याच गावात सुरू झाली, तिचा हा हॉल.

कल्पना मूळची कॅनडाची. ऑन्टारिओतल्या स्टोनी क्रीकला 1897 मध्ये अशी पहिली संस्था निघाली होती. मॅज वॉट या बाईंनी ती इकडे आणली. महायुद्ध चालू होतं, धान्य-भाजीपाला जास्त पिकवायचा होता, टिकवायचा होता, म्हणून वरूनही पाठबळ मिळालं. पण मला वाटतं, बायकांची खरी अडचण बसायच्या जागेची असणार. पुरुषांना पब होता. (आपल्याकडे चावडीवर तरी बायका कुठे बसत होत्या?) बायकांना उरलं अधिकृत चर्च किंवा चॅपेल, म्हणजे त्या चर्चपासून फुटलेल्या पंथांचं प्रार्थनाघर, आणि त्या काळात वेल्समध्ये या दोघांचं फारसं पटत नव्हतं. चर्चच्या खोलीत बैठक ठेवली तर चॅपेलवाल्या कशा येणार? म्हणून संस्थेने पंथ आणि पक्ष दोन्ही दाराबाहेर ठेवले. जमीनदारीण असो की मजुराची बायको, मत प्रत्येकीला एकच. पार्लमेंटच्या निवडणुकीत ब्रिटिश बायकांना मत मिळालं ते 1918 साली, तेही सगळ्यांना नाही. कमिटी निवडायची सवय त्यांना आधीच लागली होती.

सगळंच गोड नाही. संस्थेचा अधिकृत कारभार इंग्रजीत चाले. 1967 मध्ये वेल्समधल्या बाला या गावाजवळच्या पार्कमधल्या बायकांनी वेल्श भाषेचा आग्रह धरला. वरच्यांनी ऐकलं नाही, तेव्हा त्या सरळ बाहेर पडल्या आणि ‘मेर्खेद अ वाउर’ ही स्वतःची संस्था काढली. तिच्या शाखा आज वेल्सभर आहेत आणि कामकाज वेल्शमध्येच चालतं.