आमची वाटचाल: लातूरचं पांढरं फिनाईल

धंद्याची सुरुवात विचारली की बरेचजण आजोबांपासून सांगायला लागतात. आमची सुरुवात दुसऱ्याची बाटली उघडून झाली, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

२००५ साली मी गंज गोलाईतल्या एका एजन्सीचा माल लूनावरून दुकानादुकानांत टाकायचो. त्यात मुंबईहून येणारं एक पांढरं फिनाईल होतं. टोपणभर बादलीत टाकलं की पाणी दुधासारखं व्हायचं. माल कायम कमी पडायचा. दुकानदार माझ्यावर ओरडायचे, मी एजन्सीवाल्यावर, तो फोनवर मुंबईवर. एक दिवस वाटलं, असं आहे तरी काय यात?

ते शोधून दिलं सरांनी. सर म्हणजे प्राध्यापक नव्हेत. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून निवृत्त झालेले असिस्टंट. पण प्राध्यापकसुद्धा अडले की त्यांनाच विचारायचे. घरामागच्या पडवीत गोल बुडाचा चंबू, काचेचा कंडेन्सर, एक ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, आणि एक जुना तराजू, एवढी आमची लॅब. सरांनी पहिल्यांदा थोडं फिनाईल परीक्षानळीत घेतलं आणि त्यात अ‍ॅसिडचे चार थेंब सोडले. दूध नासावं तसं ते नासलं, वर तेलकट थर आला. "साबण आहे," सर म्हणाले. "साबणानं तेल धरलं होतं. साबण मेला, तेल सुटलं." कढी फुटू नये म्हणून ताकाला बेसन लावतात, तेच काम इथं साबणाचं.

मग शंभर मिली माल चंबूत घालून वाफेवर उडवला. साबणामुळे फेस असा चढला की पहिले दोन घाणे कंडेन्सरमधून उतू गेले. तिसऱ्यांदा चंबू निम्माच भरला आणि शंभर मिली दोन खेपांत उडवले. त्यातलं तेल म्हणजे पाइन ऑइल, चीडच्या झाडाचं वासाचं तेल. ते वाफेबरोबर निघून येतं. नळीतून गढूळ पाणी थेंब थेंब पडतं, त्यात मीठ टाकलं की तेल वर गोळा होतं. मोजपात्रात ते पाच मिलीच्या रेघेला जेमतेम टेकलं. मी त्या रेघेकडे बघतच राहिलो. शंभरात पाच! वर थोडा साबण, बाकी सगळं पाणी. पांढरा रंग असा काही घातलेलाच नसतो. तेलाचे बारीक कण उजेड उधळतात, म्हणून ते पांढरं दिसतं. नाव फिनाईल असलं तरी त्यात फिनॉल नाही. त्याचे भाऊबंद सापडतात ते काळ्या फिनाईलमध्ये.

घटक कळले म्हणजे माल जमला असं होत नाही. एरंडेल आणि राळ कॉस्टिक पोटॅशमध्ये शिजवून साबण करायचा, तो पाइन ऑइलमध्ये एकजीव करायचा आणि मग ढवळत ढवळत पाणी तांब्या तांब्यानं घालायचं. उलटं केलं, म्हणजे पाण्यात तेल ओतलं, की दोन दिवसांत वर साय धरते. हे बाटली तपासून कळत नाही. आमचे सतरा घाणे वाया गेले. प्रत्येक घाण्याची एक बाटली पत्र्यावर उन्हात आणि एक सरांच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी. सरांच्या घरच्या बाईंनी एकदा ती ताक समजून गाळायला घेतली, तेव्हापासून बाटल्यांना लाल दोरा. अठरावा दोन्हीकडे टिकला.

२००६ च्या पाडव्याला पहिला शंभर लिटरचा ड्रम भरला. पुढची सात-आठ वर्षं धंदा चालला, शेड झालं, छोटा हत्ती घेतला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. लातूरला शिकायला येणाऱ्या पोरांची हॉस्टेलं वाढत गेली आणि त्यांच्याबरोबर आम्ही. पस्तीस लिटरचा पहिला कॅन घेतला तो मुलींचं हॉस्टेल चालवणाऱ्या एका काकूंनी. नव्वद मुली, बारा बाथरूम. पैसे महिन्याच्या पाच तारखेला, कधी चार झाली असेल, सहा नाही. दवाखान्यांची गोष्ट वेगळी. उधारीवर दवाखान्याला माल देऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगतो, कुणी ऐकत नाही.

२०१४ मध्ये आमच्याकडे तीन वर्षं गाडीवर असलेल्या पोरानं स्वतःचं फिनाईल काढलं. लेबल हिरवं, टोपण हिरवं, माझ्याच दुकानांत, लिटरमागे पाच रुपये कमी. माझी वही त्यानं उतरवून घेतली होती की नाही, देव जाणे. मी सरांकडे जाऊन आदळआपट केली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तू २००५ ला काय केलंस?" मी म्हटलं, मी मुंबईवाल्याची भाकरी नव्हती खाल्ली. हे उत्तर मला आजही बरोबर वाटतं.

मग आलं २०१६. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून १४४ कलम, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. बाहेरच्यांना ती बातमी होती. आमचा कच्चा मालच पाणी! नळ बंद, म्हणून शेडवर बोअरचे टँकर घ्यायला लागलो. भावही विचारायची सोय नव्हती.

त्याच महिन्यात एका मोठ्या दवाखान्याची चाळीस कॅनची ऑर्डर पोचवली. चौदाशे लिटर. चौथ्या दिवशी सगळे कॅन परत आले, फाटकाबाहेर ओळीनं उतरवलेले. झाकण काढलं तर वर पिवळसर तेल, खाली पाणी, मध्ये दह्याच्या कवड्यांसारख्या गुठळ्या. दुकानांतूनही बाटल्या यायला लागल्या. मी आधी पाइन ऑइलवाल्याला फोनवर नको ते बोललो, त्यानं उधारी बंद केली. मग ढवळणाऱ्या पोराला झापलं, तो घरी बसला. अकरा दिवस असे गेले. छोटा हत्ती गहाण पडला.

सरांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावून खाटेवर. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी बघितलंस?"

पन्नास मिली टँकरचं पाणी, त्यात दर्शकाची, म्हणजे रंग बदलून दाखवणाऱ्या पुडीची, चिमूट. पाणी वाइनच्या रंगाचं लाल झालं. वरून ब्युरेटमधून ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम धरणारं रसायन, सोडायचं, निळं झालं की थांबायचं. डोळ्यांमुळे सरांना रंग दिसेना, म्हणून मी सांगत होतो. लाल. अजून लालच. नळाच्या पाण्याला आठ-नऊ मिली लागायचे. इथं ४४ व्या मिलीला निळं झालं. म्हणजे लिटरला ८८० मिलिग्रॅम कठीणपणा, पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पिण्याच्या पाण्याला २०० ची मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६००. एवढ्या कॅल्शियमनं आमचा साबण चोथा करून टाकला होता. साबण मेला, तेल सुटलं.

मुंबईला तलावांचं मऊ पाणी. त्या बाटलीतलं तेल आम्ही थेंबाथेंबानं मोजलं, साबण ओळखला आणि नव्वद टक्क्यांवर जे होतं त्याला 'बाकी पाणी' म्हणून सोडून दिलं. अकरा वर्षं वहीत तसंच लिहिलेलं होतं, बाकी पाणी.

आता मनात राहिलेली गोष्ट सांगतो. त्याच उन्हाळ्यात त्या हिरव्या टोपणवाल्याचा माल फाटला नाही. पाणी त्याचंही टँकरचंच! दुकानदार मला ऐकवायचे, बघा त्याचं कसं छान आहे. मी त्याची बाटली आणली, शंभर मिली चंबूत घातली. तेल किती निघालं? अर्धा मिली सुद्धा नाही, वर थोडासा तरंग. पांढरेपणासाठी त्यात तयार मिळणारं ओपॅसिफायर होतं, वासाला स्वस्तातलं सेंट. फाटायला आधी दूध तर पाहिजे! दवाखान्याची ऑर्डर त्याला गेली ती गेलीच. तिथं अजून त्याच पांढऱ्या पाण्यानं पुसतात. तोही मार्ग मला मोकळा होता, आणि त्या महिन्यात मोह झाला नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल.

आम्ही रेझिनची टाकी बसवली, रेझिन म्हणजे पाण्यातला कठीणपणा धरून ठेवणारे दाणे. मिठाच्या पाण्यानं धुतलं की रेझिन पुन्हा ताजं होतं. पण शेडमधलं पाणी मऊ करून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या बादलीतलं पाणी कोण मऊ करणार? म्हणून अर्धा साबण काढून त्या जागी टीआरओ घेतलं, कापड रंगवणारे वापरतात ते सल्फेट केलेलं एरंडेल. कठीण पाण्यात ते साबणापेक्षा बरंच जास्त टिकतं. आता प्रत्येक घाणा सगळ्यात वाईट टँकरच्या पाण्यात टोपणभर टाकून ग्लासात एक दिवस ठेवतो, मगच लेबल. नवीन मुलं टीडीएस मीटर घेऊन येतात आणि पाणी कळलं म्हणतात. अरे बाबांनो, त्यात मीठही मोजलं जातं. कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. आणि प्रत्येक घाण्याची एक बाटली वर्षभर ठेवा, तारीख घालून. माल परत आला की तुमच्या बाजूनं बोलणारी तेवढीच एक असते.

सर २०१९ ला गेले. ब्युरेट माझ्याकडे आहे. टोक जरा टवका उडालेलं आहे, पण थेंब अजून सरळ पडतो.

त्या उन्हाळ्यात काकूंच्या हॉस्टेलवरही फाटलेले दोन कॅन गेले होते. मी बदलून द्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे लेकरा, हलवून वापरते की मी." आणि पाच तारखेला पूर्ण पैसे दिले. आता माल फाटत नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. परवा कॅन पोचवायला गेलो, तेव्हा सत्तरी उलटलेल्या त्या बाई सफाईवाल्या पोरीला कॅनचं दुसरं टोक धरायला लावून तो आडवा करून हलवत होत्या.