उणे साडेसहा नंबर आणि गोव्यापर्यंतचा समुद्र

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे ६.५ आहे, म्हणजे चष्मा काढला की साधारण १५ सेंटीमीटरच्या पलीकडचे सारे धूसर होते, आणि आता त्यात चाळिशीचीही भर पडली आहे. गेल्या फेब्रुवारीत एका मित्राने त्याच्या ३४ फुटी शिडाच्या बोटीवरून मुंबईहून गोव्याला येण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा बोट लागण्याच्या भीतीपेक्षा मला चष्म्याची काळजी अधिक वाटली. सुमारे सव्वादोनशे सागरी मैल मध्ये कोठेही न थांबता जायचे होते, म्हणजे किमान दोन रात्री समुद्रावरच काढायच्या होत्या.

नेरूळमधल्या नेत्रतज्ज्ञांकडे मी लेझर शस्त्रक्रियेचा विचार मनात ठेवूनच गेलो होतो. नंबर जाईल, पण चाळिशी राहील आणि काही महिने डोळे कोरडे पडू शकतील, असे त्यांनी सांगितले. निघायला दोन महिनेच उरल्यामुळे तो विचार तेथेच संपला. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि पडदा तपासला, कारण एवढ्या नंबरात डोळा लांबट असल्याने पडदा ताणलेला असतो. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेने सावली सरकू लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, ही त्यांची सूचना मी नंबरच्या कागदामागे लिहून तो कागद बोटीच्या नोंदवहीत ठेवला.

कॉन्टॅक्ट लेन्सने सगळे प्रश्न सुटतील, असे मला वाटत होते. लेन्स बुबुळालाच टेकलेली असल्यामुळे साडेसहाच्या चष्म्याऐवजी तिचा नंबर ६ येतो, हे मला तेव्हाच कळले. मात्र आम्ही चौघे होतो आणि दोघा-दोघांनी चार तास पहारा व चार तास झोप असे ठरले होते. लेन्स घालून झोपल्यास डोळ्याला संसर्ग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, म्हणून प्रत्येक झोपेपूर्वी ती काढणे आणि उठल्यावर नवी घालणे भाग होते, तेही डिझेलचा, उन्हाच्या मलमाचा किंवा फोडणीतल्या मिरचीचा हात साबणाने धुऊन. टाकीतल्या पाण्याचा स्पर्श लेन्सला होऊ द्यायचा नसतो, कारण अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव गोड्या पाण्यातही असू शकतो आणि त्याचा संसर्ग दृष्टीवर बेततो. कॉन्टॅक्ट लेन्स रात्रभर सलग झोपणाऱ्या माणसासाठी आहे, या निष्कर्षाला मी आलो आणि एकदाच वापरायच्या लेन्सच्या दहा जोड्या फक्त दिवसाच्या पहाऱ्यासाठी घेतल्या.

वाशीतल्या एका दुकानदाराने आग्रहाने प्रोग्रेसिव्ह काचा, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेल्या काचा, दिल्या आणि तेथे माझी फसगत झाली. सरावाच्या दिवशी केबिनमध्ये उतरताना नजर काचेच्या खालच्या, वाचनाच्या भागातून गेली, पायरी अस्पष्ट दिसली आणि नडगी सोलवटली. मग मी लांबच्या नंबराचे दोन साधे चष्मे केले, शिवाय नकाशाच्या टेबलासाठी उणे ४.५ चा एक वेगळा चष्मा केला आणि तो टेबलालाच दोरीने बांधला. उन्हासाठी करड्या रंगाच्या, नंबराच्या पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी अडवणाऱ्या, काचा निवडल्या, कारण करड्या काचेतून लाल आणि हिरवा रंग फारसा बदलत नाही. दुकानातच मोबाइल आडवा धरून पाहिला, तर पडदा चक्क काळा झाला. बोटीवरच्या स्क्रीनचेही असे होऊ शकते, हे तेव्हा लक्षात आले.

घरच्या गच्चीवर मी एक प्रयोगही केला, ज्याची घरात यथेच्छ चेष्टा झाली. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून ते जुन्या चष्म्यावर शिंपडले आणि उन्हात वाळू दिले. एक काच सदऱ्याच्या टोकाने कोरडीच पुसली, दुसरी आधी गोड्या पाण्याने धुऊन मग टिपली. पहिलीवर ओरखडे उठले, दुसरी स्वच्छ राहिली. त्यानंतर गोड्या पाण्याची फवारणीची बाटली माझ्या सामानात सर्वांत वर आली.

प्रत्यक्ष प्रवासात पहिल्या दुपारी मुरूडच्या पुढे खारे वारे सुटले, सूर्य उजवीकडे कलला आणि पोलराइज्ड काचांनी आपली किंमत वसूल केली; जाळ्यांचे बोये म्हणून सोडलेले प्लास्टिकचे डबे चमचमत्या पाण्यातही वेळेवर दिसले. लेन्स मात्र त्या संध्याकाळी डोळ्यांत खुपू लागल्या. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडतात, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. टोपीचा साधा झाप तुषार अडवण्यात सर्वांत उपयोगी ठरला, हेही येथे नोंदवतो.

दुसऱ्या रात्री देवगडसमोर जॅकेट डोक्यावरून काढताना चष्मा दोरीसकट निसटून पाण्यात गेला. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून बॅटरी न लावता, केबिनच्या दाराशेजारच्या ठरलेल्या कप्प्यातून दुसरा चष्मा मी चाचपून काढला. तोवरच्या मिनिटभरात मच्छीमार नौकांचा प्रत्येक दिवा मला ताटाएवढा दिसत होता आणि सुकाणू सोबत्याच्या हाती होते.

परतल्यावर नेरूळच्या चष्मेवाल्याने वाचलेल्या चष्म्याची बिजागरी उघडली आणि विचारले, “साहेब, हा लोणच्याच्या बरणीत ठेवला होता का?” त्याने दोन्ही काड्यांचे स्क्रू बदलले, आणि मी एक जास्त घट्ट पकडीची दोरी मागून घेतली.